हजारांत एक, शंभरांत एक

गणेशचतुर्थी अवघ्या दोन दिवसांवर येऊन ठेपली होती. दुबईच्या अल कुसैस भागातील एका चारमजली इमारतीच्या तळमजल्यावर केरू शेलार याचे खाद्यगृह होते आणि तेथे उकडीच्या मोदकांच्या मागण्यांचा नुसता पूर लोटला होता. शारजापासून उम्म अल कुवैनपर्यंतच्या मराठी घरांतून दूरध्वनी खणखणत होते. तथापि एकोणीसशे नव्याण्णव सालच्या त्या शनिवारी सकाळी केरूचे चित्त मोदकांत यत्किंचितही नव्हते. सारणात गूळ दोनदा पडला, वेलची एकदाही पडली नाही, आणि खोवलेल्या खोबऱ्याच्या परातीत त्याने स्वतःचा चष्मा ठेवून तो सर्वत्र शोधला.

त्याचे कारणही तसेच होते. दहा वाजता डॉक्टर झुबेदा परकार त्याच्या पत्नीला, रंभेला, तपासणार होत्या. रंभेला दिवस गेले होते. तिच्या उदरात मूल आहे, की दोन वर्षांपूर्वीप्रमाणेच पुन्हा मुलावाचूनचे ते भलतेच काही आहे, याचा निकाल आज लागणार होता. केरूच्या अंतःकरणात आशा आणि भीती अशा दोन कढया एकाच शेगडीवर उकळत होत्या. तरी खरे सांगायचे तर आशेची कढई मोठी होती.

नारळ कमी पडले म्हणून तो कोपऱ्याकडे वळला. कोपऱ्यात सागवानी लाकडाचा एक सुबक पाळणा होता आणि त्या पाळण्यात शंभरएक नारळ रचून ठेवलेले होते. केरूने नेहमीप्रमाणे पाळण्याकडे न पाहता हात घातला आणि दोन नारळ उचलले.

इतक्यात दारात कमलिनीबाई उभ्या राहिल्या. दुसऱ्या मजल्यावरील कंत्राटदार वसंतरावांच्या या पत्नी. इमारतीतील ओटीभरणापासून बारशापर्यंत सर्व शुभकार्ये त्यांच्याच हातून होत आणि म्हणून सर्व शुभवार्ता प्रथम आपल्याला कळाव्यात, असा त्यांचा रास्त आग्रह असे.

"केरूभाऊ, माझे एक्कावन्न मोदक पक्के ना?"

"पक्के वहिनी. सोमवारी सकाळी आठला शौकत आणून देईल."

"आणि रंभा कुठंय? जिन्यात दिसत नाही, भाजीला येत नाही. परवा गॅलरीत कपडे वाळत घालताना बघितली मी तिला."

"पित्त झालंय तिला."

"पित्त? पित्तानं पोट पुढं येतं होय?"

"वहिनी, जरा मागं सरा. तेल तापलंय, अंगावर उडेल."

"गॅस तर बंद आहे तुमचा!" कमलिनीबाई खळखळून हसल्या. "नका सांगू. माझे केस काय उन्हानं पांढरे झालेत? पण एवढं सांगा, गेल्या महिन्यात ग्रहण लागलं तेव्हा तिनं विळी-सुरी तर नाही ना धरली?"

केरूने ओठ घट्ट मिटून घेतले. जीभ सुटली असती तर सर्वच सुटले असते. रंभेने त्याला देवासमोर शपथ घातली होती, की डॉक्टरीणबाई सांगेपर्यंत इमारतीत ब्र काढायचा नाही. आणि केरूसारख्या आनंदी, बोलघेवड्या गृहस्थाला मौन पाळणे हे जूनच्या दुपारी रस्त्यावर अनवाणी चालण्याइतके कठीण होते.

ही शपथ का घातली गेली, हे समजण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागेल.

एकोणीसशे सत्त्याण्णव साली, लग्नाला चौदा वर्षे झाल्यावर, रंभेला दिवस राहिले होते. त्यापूर्वी गावी एकदा गर्भ राहून दुसऱ्याच महिन्यात पडला होता. त्यानंतर काहीच नाही. तेव्हा रंभा सदतीस वर्षांची होती. तिला उलट्या अशा काही होऊ लागल्या, की पाण्याचा घोट टिकेना, आणि पोट तर पाहता पाहता वाढू लागले. तिसऱ्या महिन्यात पाचवा वाटावा असे पोट पाहून कमलिनीबाईंनी निर्वाळा दिला, "जुळं आहे!" झाले. इमारतीत जयघोष झाला. केरूने चारही मजल्यांवर पेढे वाटले, शारजाच्या एका सुताराकडून एक नव्हे, दोन पाळणे करवून घेतले, आणि त्याच्या गाडीचा चालक व जिवलग मित्र शौकत याला मिठी मारून तो म्हणाला, "शौकतभाई, एक साथ दो आ रहे हैं!"

आणि मग एके दुपारी रंभेला रक्तस्राव होऊ लागला.

त्या दिवशी सोनोग्राफीच्या पडद्यावर केरूने जे पाहिले ते तो विसरू शकला नाही. मूल नव्हते. एकही नव्हते. पडदाभर नुसते पांढरे ठिपके भिरभिरत होते, जणू वाळूचे वादळ उठून रस्ता, गाड्या, इमारती सर्व काही पुसले गेले असावे. डॉक्टर झुबेदा या मूळच्या चिपळूणच्या, कोकणी मुसलमान घरातल्या. त्यांनी खुर्ची ओढून दोघांसमोर बसून, आपल्या भाषेत समजावून सांगितले होते.

"याला द्राक्षगर्भ म्हणतात. तुझा काही दोष नाही गो रंभा. बीज एकत्र येतं तेव्हाच चूक होते. आईच्या बाजूचं बीज रिकामं निघतं आणि बापाच्या बाजूचा अंश दुप्पट होतो. त्यातून बाळ घडत नाही. वार तेवढी वाढत जाते, पाण्यानं भरलेल्या फुग्यांसारखी, द्राक्षांच्या घडासारखी. म्हणून पोट लवकर वाढतं, उलट्या फार होतात. पिशवी साफ करावी लागेल."

"बाई, असं किती जणींना होतं?" केरूने विचारले होते.

"हजार गरोदर बायकांत साधारण एकीला. आपल्या आशियातल्या काही देशांत थोडं जास्त आढळलंय, असं लिहिलेलं आहे. पण तरी दुर्मीळच."

हजारांत एक! केरूचे शिक्षण सातवीपर्यंतच झालेले. परंतु हजार म्हणजे किती, हे त्याला हातांनी ठाऊक होते. हजार अनारसे तुपात सोडावेत आणि त्यांतला एखादाच तुपात पडताक्षणी फुटून विरघळावा. स्वयंपाकघरात त्याला अनारसा 'हसला' म्हणतात. नऊशे नव्याण्णव उत्तम उतरतात आणि एक हसतो. तो नेमका आपल्याच ताटातला का असावा, या प्रश्नाला त्याच्याजवळ उत्तर नव्हते.

उत्तरे देणारे मात्र पुष्कळ होते. गावाहून जाऊबाईंनी फोनवर पपईला दोष दिला. कुणी म्हणाले वाळवंटातले पाणी बाधले, कुणी म्हणाले घरातल्या पाट्यावरवंट्याने झाले. डॉक्टरीणबाईंनी त्या साऱ्यांना हाताने झटकून टाकले. "पपई नाही, ग्रहण नाही, वाटण नाही. वीस वर्षांच्या आतल्या मुलींना आणि पस्तिशी उलटलेल्या बायकांना हा धोका जास्त. चाळिशीनंतर तर फारच वाढतो. आधी गर्भ पडलेला असला तर आणखी थोडी भर. बाकी कुणाला होईल, कुणाला नाही, ते आम्हालाही सांगता येत नाही."

त्यानंतर वर्षभर रंभेचे रक्त वेळोवेळी तपासले गेले, कारण असल्या गर्भाचा एखादा कण मागे राहून पुन्हा वाढू शकतो. त्या काळात दिवस जाऊ द्यायचे नाहीत, अशी सक्त ताकीद होती. रंभेने ती निमूटपणे पाळली. दोन पाळण्यांपैकी एक शौकतच्या नवजात कन्येला गेला. दुसरा देऊन टाकायला रंभेचा हात धजेना आणि रिकामा पाहवेना. म्हणून तिनेच एके दिवशी त्यात नारळ भरून ठेवले.

वर्ष पुरे झाले, रक्त निर्मळ आले, डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिली. आणि यंदाच्या श्रावणात एका सकाळी रंभा पोळपाटावरून उठून मोरीकडे धावली, ती परत आली तेव्हा तिच्या मुद्रेवर भय आणि हसू यांचे असे काही मिश्रण होते, की केरूच्या हातातली झाऱ्याची दांडी निसटली.

नेमक्या त्याच वेळी डॉक्टर झुबेदा सुट्टीवर चिपळूणला गेल्या होत्या. दुसऱ्या कुणाला दाखवण्यास रंभा तयार होईना. "त्यांना माझं सगळं ठाऊक आहे. त्या येईस्तोवर थांबते," एवढेच तिचे म्हणणे. केरूने दवाखान्यात दूरध्वनी करून त्या परततील त्याच आठवड्यातली वेळ नोंदवली. शेवटच्या पाळीची तारीख विचारली गेली, तेव्हा या संसारातील जुनी वाटणी उपयोगी पडली. रंभेला इंग्रजी तारखा कधीच लक्षात राहत नसत. तिचे सारे आयुष्य तिथींवर चाले. तिथी तिने सांगायची आणि तारीख केरूने काढायची. "ज्येष्ठातल्या संकष्टीला बाजूला बसले होते," ती म्हणाली, "नैवेद्य तुम्हीच दाखवला होतात." केरूने ज्येष्ठातली संकष्टी शोधली आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यातली तारीख अभिमानाने सांगून टाकली.

"यल्ला, केरूभाई!" बाहेरून शौकतची हाक आली. "गाड़ी में एसी चालू है, भाभी को बुलाओ!"

डॉक्टर झुबेदांनी रंभेला पाहताच मिठीत घेतले आणि लगेच कान धरला. "काय गो, एवढा उशीर? मी नव्हते तर दुसरी कोणी डॉक्टर या दुबईत उरली नव्हती? तुझ्यासारखीची तपासणी सातव्या-आठव्या आठवड्यातच व्हायला हवी."

"तुमच्याच हातून व्हायची होती," रंभा लाजून म्हणाली.

तपासणीच्या पडद्याआड रंभा गेली. केरू इकडे खुर्चीच्या अगदी कडेवर बसून राहिला. मनातल्या मनात त्याने पेढ्यांचा खवासुद्धा आटवायला घेतला होता. तोच आतून बाईंचा आवाज आला, आणि त्या आवाजात मघाचा खेळकरपणा नव्हता.

"जुलैचा पहिला आठवडा ना? म्हणजे आज दहा आठवडे. दहा आठवड्यांना पिशवी वरून हाताला लागायला नको. ही तर चांगली लागतेय."

केरूच्या कानांत भोंगा वाजू लागला.

"उलट्या?"

"होत्या. पुष्कळ. आता चार-आठ दिवस जरा कमी आहेत."

मग रंभाच म्हणाली, "मागच्या वेळीही पोट तारखेच्या पुढंच होतं."

डॉक्टरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. "दोघं नीट ऐका. पोट तारखेच्या पुढं आहे म्हणजे तेच आहे, असं नाही. जुळं असू शकतं, पिशवीला गाठ असू शकते, तारीख चुकलेली असू शकते."

"तारीख चुकायची नाही बाई," केरू कळवळून म्हणाला. "तारीख मी स्वतः काढलीय."

"मग मशीनच सांगेल. रंभा, पाणी पी. लघवीची पिशवी भरली की चित्र स्वच्छ दिसतं. सिस्टर, इनको पानी दो, खूब पानी."

पाण्याचे ते पेले म्हणजे केरूला युगेच वाटली. मल्याळी सिस्टर पेला भरून आणी, रंभा तो रिकामा करी, आणि केरू प्रत्येक घोट असा डोळ्यांनी मोजी जणू तो स्वतःच पीत होता. बाकावर त्यांच्याशेजारी एक सुदानी आजी माळ ओढत बसली होती. केरूचा चेहरा पाहून तिने माळेचा हात आकाशाकडे केला आणि म्हणाली, "इन्शाल्ला, इन्शाल्ला." केरूने दोन्ही हात जोडले.

"अहो," रंभा हळूच म्हणाली, "ह्या वेळी तसंच निघालं, तर मी पुन्हा नाही हं. आत्ताच सांगून ठेवते. एकोणचाळीस झाले मला. अंगात जोर आहे, पण मनात नाही उरलेला."

"नाही. पुन्हा नाही," केरू म्हणाला. "तू आहेस, मला पुष्कळ आहे."

"आणि तो पाळणा देऊन टाकायचा. नारळ-बिरळ काही नको त्यात."

केरूने मान हलवली. परंतु आजवर त्या पाळण्यात नारळ होते, याचा अर्थ पाळणा अजून घरात होता.

डॉक्टरीणबाई बोलावण्यासाठी दारात आल्या, तेव्हा केरू उठून उभा राहिला. "बाई, मागं तुम्ही म्हणाला होतात, एकदा झालं की पुन्हा होण्याची शक्यता शंभरांत एक-दोन. ते नक्की एक का दोन?"

"अरे देवा!" बाई हसल्या. "केरूभाऊ, शंभर जणी रांगेत उभ्या केल्या तर अठ्ठ्याण्णव-नव्याण्णव जणींना पुन्हा हा त्रास होत नाही. दोनदा झालेला असता तर मी जास्त घाबरले असते. वयाचा धोका आहे, तो मी लपवत नाही. पण तुम्ही त्या एकीकडेच का बघत बसता?"

"कारण बाई, मागच्या वेळी हजारांतली एक आमचीच होती."

बाईंचे हसू मावळले नाही, पण मऊ झाले. त्यांनी केरूच्या दंडाला धरून त्याला आत नेले. "या. तुम्हीही बघा. बाहेर ठेवलं तर माझं दार फोडाल."

खोलीत अंधार होता. रंभा टेबलावर आडवी झाली. तिच्या पोटावर थंडगार लेप पसरला, आणि डॉक्टरीणबाईंनी यंत्राचा दांडा त्यावर टेकवला. केरूने डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांपुढे वाळूचे वादळ स्पष्ट दिसत होते.

"डोळे उघडा, केरूभाऊ."

"नको बाई."

"उघडा म्हणते ना!"

त्याने एक डोळा उघडला. वादळ नव्हते. पडद्यावर पाण्यासारखा काळाभोर, शांत गोल होता, आणि त्या गोलात कोणीतरी पाठ टेकून निजले होते. वाटोळे मस्तक होते. इवलेसे नाक होते. छातीच्या जागी एक ठिणगी उघडमीट, उघडमीट करीत होती. आणि पाहता पाहता त्या जीवाने एक हात उचलून तोंडापाशी नेला, जणू मोदकच खात असावा!

"रंभे!" केरू ओरडला. "अगं, हात आहे! हात उचलला त्यानं! बघ की, बघ!"

"मला दिसत नाही नीट, तुम्ही मधे उभे आहात," रंभा म्हणाली आणि रडू लागली, आणि रडता रडता हसू लागली. बाईंनी पडदा तिच्याकडे वळवला. मग एक कळ दाबताच खोलीत आवाज घुमला. तापल्या तेलात मोहरी तडतडावी तसा झरझर, झरझर, अखंड!

केरूने सिस्टरचे, डॉक्टरीणबाईंचे, यंत्राचे, सर्वांचे हात धरले. शेवटी रंभेचा हात सापडला तेव्हा तो त्याने सोडला नाही.

तथापि डॉक्टरीणबाई अजून पडद्यावर रेघा ओढत होत्या आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. त्यांनी डोके मोजले. पुन्हा मोजले. वार पाहिली, सगळीकडून फिरवून पाहिली.

"बाई, काय झालं?" केरूचा आनंद जागच्या जागी थिजला.

"वार स्वच्छ आहे. द्राक्षगर्भ नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. बाळ एकच आहे. गाठ दिसत नाही." त्यांनी त्याच्याकडे वळून पाहिले. "पण हे बाळ दहा आठवड्यांचं नाही. चौदाचं आहे. पुरतं चौदाचं."

"म्हणजे... महिनाभर जास्त वाढलंय? पुन्हा काही..."

"कोणतंही बाळ एवढ्यात महिनाभर पुढं धावत नाही, केरूभाऊ. तारीख चुकलीय."

"शक्य नाही!" केरू उसळून म्हणाला. "ज्येष्ठातली संकष्टी. ही सांगते, मी काढतो. सोळा वर्षं असंच चाललंय. हिच्या पासपोर्टापासून गॅसच्या सिलिंडरापर्यंत एकही तारीख चुकली नाही माझी!"

टेबलावरून रंभेने मान वर उचलली. तिच्या ओल्या डोळ्यांत एकाएकी एक चमक आली.

"अहो, त्या संकष्टीला मी बाजूला बसले होते. नैवेद्य तुम्ही दाखवलात. काय दाखवलं होतंत?"

"काय म्हणजे? अनारसे. ताजे तळले होते. देवाला पहिले पाच ठेवले आणि मग खोकी भरली."

"आणि यंदा अनारसे कधी तळलेत तुम्ही?"

"कधी काय? धोंड्याच्या महिन्या..."

शब्द केरूच्या ओठांवरच थबकला. धोंड्याचा महिना! यंदाच्या पंचांगात ज्येष्ठ एक नव्हता. आधी अधिक ज्येष्ठ आला होता, तोच ज्यात सासू जावयाला अनारशांचे वाण देते. त्या महिन्यात अमिरातीतल्या यच्चयावत मराठी सासवांनी केरूला श्वास घेऊ दिला नव्हता. सगळे दिवस तुपाच्या कढईपुढे गेले होते. तो महिना सरल्यावर मग नेहमीचा ज्येष्ठ लागला होता, आणि त्यात एकही अनारसा तळला गेला नव्हता. केरूने तारीख काढली होती ती या दुसऱ्या ज्येष्ठातली. रंभेच्या पोटातले बाळ मोजत होते ते पहिल्यापासून.

"सबंध महिनाच खाल्लात की हो तुम्ही!" रंभा म्हणाली. "आणि बाईंना मघाशी काय म्हणालात? तारीख चुकायची नाही!"

डॉक्टर झुबेदांनी यंत्राचा दांडा बाजूला ठेवला, कारण त्यांना हसू आवरेना. "धोंडा! आमच्या चिपळुणात शेजारच्या काकू करायच्या ना, जावयाला चांदीच्या ताटात अनारसे! आम्ही पोरं खिडकीतून हात घालायचो." त्यांनी डोळे पुसले. "केरूभाऊ, हजारो अनारसे तळलेत आणि महिना विसरलात? मी इथं पोट हाताला लागल्याबरोबर घामाघूम झाले होते, ठाऊक आहे?"

"तुम्हीसुद्धा बाई?"

"मग? डॉक्टर झाले म्हणून काय झालं?"

केरू भिंतीला टेकला. त्याला स्वतःचा इतका राग आणि इतका आनंद एकाच वेळी झाला, की दोहोंपैकी काय आधी व्यक्त करावे ते त्याला समजेना. अखेरीस त्याने आपल्याच गालांवर दोन हलक्या चापट्या मारून घेतल्या, आणि खोलीतील तिन्ही बाया पुन्हा हसल्या.

"आता खेळ पुरे," डॉक्टरीणबाई चित्राचा कागद फाडून त्याच्या हाती देत म्हणाल्या. "वयाकडे बघून रंभाला मी वरचेवर तपासणार. आणि बाळ झाल्यावर वार तपासून घेऊ, मग काही आठवड्यांनी एकदा रक्त. मागची गोष्ट आहे म्हणून तेवढी काळजी. बाकी खा, फिर, हस. आणि तारखा यापुढं मला विचारायच्या."

गाडीत बसताना केरूने तोंड असे गंभीर करून ठेवले होते, की शौकत घाबरला. "क्या हुआ केरूभाई? सब खैर?"

केरूने रंभेकडे पाहिले. शपथ अजून सुटली नव्हती. रंभा खिडकीबाहेर पाहत होती, तिच्या ओठांचे कोपरे थरथरत होते. केरूने मुकाट्याने खिशातील कागद काढून शौकतपुढे धरला.

शौकतने कागद उलटा धरला, सुलटा धरला, आणि मग त्याने गाडीचा भोंगा असा काही वाजवला, की दवाखान्यासमोरचा पहारेकरी धावत आला. "खलास! अब मेरी बेटी को खेलने वाला आ गया! भाभी, मुबारक!"

"शौकतभाई, किसी को बोलना नहीं," रंभा म्हणाली.

"मैं? तोबा, भाभी. डर इनका है."

इमारतीच्या दारातच कमलिनीबाई भेटल्या. हातात कोथिंबिरीची जुडी होती. आणि कोथिंबीर आणण्यास इतका वेळ लागत नाही, हे कोणालाही दिसत होते. त्यांनी रंभेला वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

"पित्त उतरलं का गं?"

केरूने दोन्ही ओठ दातांखाली धरले. त्याचे डोळे पाण्याने भरले, मानेच्या शिरा ताठल्या. रंभेने त्याच्याकडे एकदा पाहिले, आणि तिला त्याची दया आली.

"वहिनी," ती पदर पोटाभोवती ओढून घेत म्हणाली, "तुमच्याकडंच यायचं होतं. माझी चोरओटी राहून गेलीय हो. तिसऱ्या महिन्यात भरायची ना? तिसरा महिना आम्हाला कळलाच नाही."

"कळलाच नाही?" कमलिनीबाईंच्या हातून कोथिंबीर पडली. "तिसरा महिना कळत नाही म्हणजे? अगं बाई! अगं, ये इकडं!" त्यांनी रंभेला उराशी धरले. "महिना कसा कळला नाही, केरूभाऊ?"

"ते मी सांगतो वहिनी!" आणि मग बांध फुटला. धोंडा, अनारसे, संकष्टी, पाण्याचे पेले, तोंडाशी गेलेला तो हात, हजारांतली एक आणि शंभरांतल्या नव्याण्णव, सर्व एकाच श्वासात बाहेर पडले. कमलिनीबाई मध्येच हसत, मध्येच डोळे टिपत, मध्येच "गप बसा हो, हळू बोला, चोरओटी आहे ही!" असे ओरडत होत्या, आणि त्यांचा तो आवाज चौथ्या मजल्यापर्यंत पोचत होता.

"आत्ताच भरते," त्या म्हणाल्या. "आज सोडली तर परत मुहूर्त बघत बसाल तुम्ही, आणि हे पुन्हा महिना चुकवतील. तांदूळ मी आणते वरून. नारळ आहे का घरात?"

केरू धावत खाद्यगृहात गेला. पाळण्यातला वरचा, सर्वांत मोठा, शेंडीचा नारळ त्याने उचलला आणि रंभेच्या ओटीसाठी बाजूला ठेवला. मग त्याचा हात थांबेना. दुसरा काढला, तिसरा काढला. मेजावर, पिठाच्या डब्यांवर, पाटावर, जमिनीवर नारळ घरंगळू लागले. मोदकांच्या सारणाची परात झाकायची राहिली. पाळण्याचा तळ दिसला, तळाशी साचलेल्या शेंड्यांचा चुरा दिसला, आणि केरूने तो आपल्या खांद्यावरच्या स्वच्छ पंच्याने पुसून काढला. दोन वर्षांनी प्रथमच पाळण्याच्या कडेवरचे, सुताराने कोरलेले दोन पोपट नीट दिसले.

रंभा दारात येऊन उभी राहिली. तिने हात लांब करून पाळण्याला हलकेच झोका दिला.

"सोमवारचे मोदक व्हायचेत अजून," केरू गडबडून म्हणाला. "एवढे नारळ आता ठेवू तरी कुठं?"

"कुठंही ठेवा," रंभा म्हणाली. "पाळण्यात नाही."